इटलीची रंगीत तालीम

इटलीतल्या डोंगरावरच्या जुन्या गावांत गाडी जात नाही, दिवसभर चढउतार पायीच करावी लागते, हे बबनने यूट्यूबवर पाहिलं आणि त्याचा जीव भांड्यात पडला. त्याला सुट्टीत सोफ्यावर पडून राहायचं होतं. बायकोला, सुलोचनाला, मात्र इटलीचं वेड लागलं होतं आणि तिचा गुडघा कुरकुरत होता. नकार द्यायला याहून सभ्य कारण कुठून मिळणार?

“आधी इथलं एखादं गाव चढून दाखव,” तो म्हणाला. “मग लगेच बुकिंग.”

“शब्द द्या.”

“दिला.”

शुक्रवारी, ओमानातल्या सुट्टीच्या दिवशी, अल् खुवैरच्या घरून निघून ते निझवा शहरापुढच्या डोंगरात पोचले. कड्याला चिकटलेलं दगडमातीचं गाव पाहून सुलोचना हरखून गेली. गाड्या खाली, चहाच्या दुकानाशीच लावा, अशी पाटी होती. पण बबन म्हणजे दूध आणायलासुद्धा दुकानाच्या दारापर्यंत गाडी नेणारा माणूस. त्याने ती सरळ गल्लीत घातली.

“अहो, परीक्षा माझी आहे ना?”

“परीक्षा वरून सुरू होईल.”

दुसऱ्याच वळणावर गाडी दोन भिंतींमध्ये रुतून बसली. दारं उघडेनात. सुलोचना मागच्या सीटवरून सरकत डिकीतून उतरली. बबनचं पोट मात्र दोन सीटांच्या मधेच अडलं.

“बसा. मी कुणाला तरी सांगते,” म्हणत ती बाजूच्या पायऱ्यांनी दिसेनाशी झाली.

बराच वेळ कोणी फिरकेना, तेव्हा बबनने हॉर्न दिला. खालचा मल्याळी चहावाला धापा टाकत आला. हॉर्न वाजला की चहा गाडीत द्यायचा, हा सगळ्या ओमानचा रिवाज. डिकीतून डोकावत त्याने विचारलं, “कितना चाय, सर?”

“चाय नहीं, गाडी निकालना है.”

“आदमी लोग नमाज के बाद आएगा. तब तक चाय?”

बबनने दोन कप घेतले आणि दोन्ही तो स्वतःच प्यायला.

नमाजानंतर गावकऱ्यांनी “शुवय्या, शुवय्या” म्हणत हळूहळू गाडी मागे काढून दिली. बाजूचे आरसे गावातच राहिले. तेवढ्यात सुलोचना उतरून आली, लालबुंद आणि खूश, हातात खजुरांची पिशवी.

“मदतीला गेली होतीस ना?”

“सांगितलं की. नमाजानंतर येतो म्हणाले. म्हटलं, तोवर वरपर्यंत जाऊन येऊ. एका घरी कॉफी पाजली हो त्यांनी, गच्चीवर बसून. सगळी दरी दिसत होती.”

“आणि गुडघा?”

“कुरकुरला. मी लक्ष दिलं नाही.”

तिचा चेहरा पाहून बबनलाही बरं वाटलं. दिला शब्द पाळायचा म्हणून त्याने मोबाइल काढला. “दोन तिकिटं बघतो.”

“एकच बघा,” सुलोचना खजूर पुढे करत म्हणाली. “तुमचं पुढच्या शुक्रवारी ठरवू. गाडी खाली लावून.”