रावअण्णांचा परगोला

भाव पाडणारी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. त्यात माझी आई येते, बायको येते आणि पुण्यातले आमचे झाडून सगळे शेजारी येतात. पण कारागिरानं सांगितलेला भाव स्वतःहून वर चढवणारं गिऱ्हाईक मी एकच पाहिलं. ते म्हणजे आमचे घरमालक तुळजाराम राव, गल्लीचे रावअण्णा.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला कानडी मुलखात, पीण्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात मला नोकरी लागली, तेव्हा मी आणि बायको नीला जवळच्या यशवंतपुरात त्यांच्या माडीवर राहायला आलो. अण्णांचे पूर्वज कधीकाळी कुठल्याशा फौजेबरोबर इकडे आले आणि इथलेच झाले. त्यामुळे घरात मराठी, पण ती आमच्या पुण्याची नव्हे. "सरी" म्हणजे बरं आणि "स्वल्प" म्हणजे थोडं, एवढं कळलं की भागायचं.

नोकरीभर अण्णांनी कारखान्यात एस्टिमेटं काढली होती. खर्च अंगावर येईल या धास्तीनं प्रत्येक आकडा ते फुगवून धरत, आणि निवृत्त झाल्यावरही ही सवय सुटली नाही. "स्वल्प जास्तच धरा," हे त्यांचं पालुपद. चार पाहुणे येणार असले की भात आठांचा. ऊन रखरखीत असलं तरी हातात छत्री, आणि ती मोडली तर म्हणून पिशवीत दुसरी. एकदा नीलाला साधी सर्दी झाली, तर हे मला कोपऱ्यात घेऊन विचारतात, "रजा किती शिल्लक आहे हो तुमची?"

या माणसाला एकच मुलगी, पुट्टी. बायको गेल्यावर यांनीच तिला वाढवली आणि धारवाडला दिली. तिला सातवा लागायच्या सुमारास विहीणबाईंचा फोन आला. डोहाळजेवण आम्हीच करतो, तुमच्याकडे बाईमाणूस नाही, तुम्हाला झेपायचं नाही, असं त्या म्हणाल्या. बाई सरळ मनानं बोलल्या होत्या, पण अण्णांना ते लागलं.

"माहेरचं कौतुक माहेरीच होणार," हे फोनवर ओरडले. "मी मागच्या अंगणात झोपाळ्याचा परगोला बांधतोय!"

फोन ठेवल्यावर घाम पुसत मला म्हणाले, "आता बांधायला पाहिजे की."

परगोला म्हणजे काय, हे त्यांनी दातांच्या डॉक्टरकडे एका मासिकात पाहिलं होतं. अंगणात चार खांब, वर उघड्या तुळया, त्यांवर वेल, खाली झोपाळा आणि झोपाळ्यावर हसणारी बाई. मुनियप्पा सुतारानं अंगण बघून सांगितलं, "चप्पर म्हणा की सार, मांडव! आठ हजारांत बसेल."

"आठ?" अण्णांचा चेहरा पडला. "लाकूड कसलं घालणार?"

"सिल्वर ओक. चांगलं असतं."

"बेडा, बेडा. नको. सागवान घाला. बारा धरा."

मुनियप्पानं माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली, कारण ते पैसे माडीच्या गळक्या छपरासाठी ठेवलेले होते, आणि त्या छपराखाली आम्ही झोपत होतो.

दोन दिवसांनी अण्णांना वाळवीची भीती वाटली. सागवानी खांब रद्द झाले आणि द्राक्षमळ्यात उभे करतात तसे दगडी खांब आले. मग दगड खचेल म्हणून पाया खोल झाला. पायाला पाणी लागेल म्हणून काँक्रीट आलं. झोपाळ्याच्या कड्या बाजारातल्या नकोत, म्हणून आमच्या कारखान्यात क्रेनला लावतात तसल्या साखळ्या मला शोधाव्या लागल्या. प्रत्येक वेळी खर्च वाढे, अण्णांची झोप उडे आणि ती परत यावी म्हणून ते आणखी थोडा खर्च वाढवत.

"सार," मुनियप्पा शेवटी हात जोडून म्हणाला, "मुलगी बसणार आहे की हत्ती?"

"दोघं आहेत ती," अण्णा म्हणाले.

धास्ती संसर्गजन्य असते. मीही कारखान्यात बसून सिमेंट सुकलं असेल का याचा विचार करू लागलो. आभाळ भरून आलं की नीला बादल्या मांडायची आणि खालून अण्णांची हाक यायची, "गळतंय का हो? स्वल्प सांभाळून घ्या. पुट्टीचं एकदा होऊ दे."

परगोला कसाबसा वेळेत झाला. पुट्टी आली, विहीणबाई आल्या. नीलानं गल्लीतल्या बायका जमवल्या, झोपाळ्याला मोगरा आणि अबोली गुंफली. हिरवी साडी नेसलेली पुट्टी अंगणात आली आणि बसणार, एवढ्यात अण्णा मध्ये आडवे झाले.

"थांब. खुर्ची आणतो. खुर्चीवर बस."

बायका एकमेकींकडे बघू लागल्या. मला तर रडावं की हसावं कळेना. एवढा खर्च करून मुलीला खुर्चीवर बसवायचं?

"अप्पा," पुट्टी बापाला हळूच म्हणाली, "किती वजन पेलेल हे?"

"दोन टन."

"मग?"

अण्णांनी झोपाळ्याची साखळी घट्ट धरली. "आकडा मला ठाऊक आहे गं. पण बस म्हणायचं काम तुझ्या आईचं होतं. तिला भीती वाटायची नाही. ती हाताला धरून बसवायची आणि सगळं नीट व्हायचं. मला तसं म्हणता येत नाही."

इतके दिवस मी त्यांच्या खर्चाला हसत होतो, पण पैसा ओतून हा माणूस बायकोचा एक शब्द बांधायला निघाला होता.

पुट्टीनं त्यांचा हात धरला, आधी त्यांना झोपाळ्यावर बसवलं आणि मग स्वतः शेजारी बसली. डोहाळजेवणाच्या झोपाळ्यावर पुरुषमाणूस! कुणीतरी पदर तोंडाला लावला. तेवढ्यात विहीणबाई पुढे आल्या. आता या काय बोलतात, याची मला धास्ती वाटली.

त्यांनी सुनेला कुंकू लावलं, मग तेच बोट तिच्या बापाच्या कपाळाला टेकवलं, आणि दोघांच्या मागे जाऊन अलगद झोका दिला. अण्णांनी डोळे गच्च मिटले होते. तिसऱ्या झोक्याला त्यांनी ते उघडले आणि आधी लेकीकडे पाहिलं.