आबांची कोरडी नळी

एसटीत कंडक्टरनं वयाचा पुरावा मागितला की लोक आधार कार्ड काढतात. आमचे शेजारी आबा स्वतःच्या डोळ्याच्या आतला फोटो काढतात. कंडक्टर तो उलटसुलट करून बघतो, जरा घाबरतो आणि मुकाट्यानं अर्धं तिकीट देतो.

फोटो लॅमिनेट केलेला आहे. काळ्यावर पिवळट, नाजूक जाळं. डोळ्याच्या पडद्यावरच्या बारीक रक्तवाहिन्या त्यात दिसतात. आबांना काचबिंदू आहे. पण हे सांगायला त्यांना एक वाक्य लागतं आणि फोटो समजावायला अर्धा तास, कारण चोपड्याजवळच्या आमच्या गावात केळीच्या बागांना ठिबक बसवण्यात त्यांची हयात गेली. त्यांना त्या फोटोत डोळा दिसतच नाही, ठिबकचा नकाशा दिसतो.

"हाई मेनलाइन," जाड शिरेवर बोट ठेवून ते समोरच्याला सांगतात. "ह्या बठ्ठ्या बारीक नळ्या. आन् आठे काळं दिसस ना, आठे पानीच जात नही."

हा फोटो पहिल्यांदा निघाला तेव्हा जळगावला मी त्यांच्यासोबत होतो. मी मास्तर, म्हणून रिपोर्ट मला कळेल असा त्यांचा गैरसमज. डॉक्टरांनी शांतपणे समजावलं: डाव्या डोळ्यातलं जाळं विरळ झालंय, नस सुकत चाललीय, नजर कडेकडेनं गेलीय. गेलेली परत येणार नाही. उजवा डोळा शाबूत राहावा म्हणून रोज थेंब घालायचे.

आबांनी सगळं ऐकून घेतलं आणि डोळ्यात थोडं ॲसिड सोडून बघायला सुचवलं. चोक झालेल्या नळ्या त्यानं हमखास मोकळ्या होतात, हा चाळीस वर्षांचा अनुभव. डॉक्टरांच्या हातातलं पेन खाली पडलं. ते उचलेपर्यंत आबांचा पुढचा प्रश्न तयार होता. पाणी तुटलं म्हणून झाड सुकलं, की झाड सुकलं म्हणून पाण्याची ओढ कमी झाली? डॉक्टर हसले. म्हणाले, यावर मोठमोठे संशोधकही अजून वाद घालताहेत. परतीच्या गाडीत चोपडा येईपर्यंत आबा डॉक्टरला आपण कसं अडवलं हेच सांगत होते.

डाव्या बाजूनं येणारं त्यांना दिसत नाही, पण हे ते कबूल करत नाहीत. एकदा सरपंचांच्या म्हशीला धडकले आणि "माफ करा, अक्का" म्हणून पुढे गेले. मी चिडवलं, तर म्हणाले, म्हशीची काही तक्रार असेल तर तिनं माझ्याकडे यावं.

बायको गेल्यापासून आबा एकटेच असतात. मुलगी साक्रीला बोलावते, हे जात नाहीत. सकाळी सहाला माझ्या ओट्यावर येतात, आडवे होऊन डोळ्यात थेंब घालतात, 'डिस्चार्ज बरोबर', म्हणजे थेंब हवा तेवढाच पडला, असा ठिबकवाल्याचा शेरा मारतात आणि माझा चहा पाणचट आहे असं रोज सांगून दोन कप पितात. मला या माणसाचा फार राग येतो. आणि सहा वाजून दहा मिनिटं झाली तरी आले नाहीत, की मी फाटकाकडे बघायला लागतो.

गेल्या महिन्यात पुन्हा फोटो काढला. या खेपेला उजव्या डोळ्यातही एक कोपरा काळा निघाला. डॉक्टरांनी थेंब बदलले, लवकर दाखवायला सांगितलं. आबांनी ॲसिडचं नावही काढलं नाही. परतताना कंडक्टर आला, तर त्यांनी खिशातून गुपचूप आधार कार्ड काढलं. मला तेव्हाच भीती वाटली.

तिसऱ्या दिवशी सकाळी दूध घेऊन येताना मी अडखळून पडलो. दूध मातीत, चप्पल गटारात. आबांच्या दारापासून माझ्या फाटकातून थेट आत ठिबकची काळी नळी टाकलेली होती, हातहातभर अंतरावर खुंट्या मारून पक्की केलेली. ना झाड, ना नळाला जोडणी. मी ओरडतच निघालो की या वाळलेल्या अंगणात कुणाला पाणी पाजताय.

आबा नळीवरूनच येत होते. अनवाणी, एक पाय नळीला घासत. डोळे घट्ट मिटलेले.

"हाई नळीमातून पानी नही येवाव, मास्तर," ते डोळे न उघडता म्हणाले. "मी येसू."

आबा चाचपडत ओट्याच्या पायरीच्या दोन हात अलीकडे थांबले. नळी तिथंच संपली होती. त्यांनी हवेत पाय फिरवला, पायरी सापडली नाही, आणि त्यांचा चेहरा पहिल्यांदाच म्हातारा दिसला.

मी परसात जाऊन जुन्या नळीचा तुकडा आणला, जॉइनर लावला आणि पायरीपर्यंत नळी पोचवली. आबांनी वाकून बोटांनी जोड चाचपला.

"जॉइंट वाकडा शे," ते म्हणाले आणि ओट्यावर येऊन बसले. मी आत जाऊन चहा टाकला. त्या दिवशी मुद्दाम पाणचट केला.