कुर्तादसाहेबांचा मोर्चा

वालफ्रेजचे नगराध्यक्ष आंसेल्म कुर्ताद आपल्या पदाचा तिरंगी पट्टा मिरवत मोर्चाच्या अग्रभागी चालले होते. शाळेची बस बंद होणार म्हणून गाव खवळलं होतं. निर्णय जिल्हा परिषदेचा. आणि तिथल्या वाहतूक समितीचे सभापतीही कुर्तादच. ठराव आला तेव्हा दुपारचं बदकाचं जेवण अंगावर आलं होतं. सगळ्यांनी हात वर केले, त्यांनीही केला. गावात हे कुणी विचारलं नाही, म्हणून त्यांनी सांगितलं नाही.

परिषदेच्या दारात शिपाई म्हणाला, शिष्टमंडळाला सभापती भेटतील. मग कुर्तादांच्या कानाशी लागला, "साहेब, वर आपलीच वाट बघताहेत."

औषधांचं दुकान चालवणाऱ्या उपनगराध्यक्ष लाकाझबाईंना कुर्तादांनी शिष्टमंडळ म्हणून एकटीनेच वर यायला सांगितलं, स्वतः मागच्या जिन्याने वर गेले, पट्टा खिशात कोंबला आणि अधिकाऱ्यांच्या मधल्या खुर्चीत बसले.

लाकाझबाई आत आल्या. कुर्तादांना पाहून क्षणभर थबकल्या, मग शांतपणे समोर बसल्या.

"सभापतीसाहेब, आमचे नगराध्यक्ष फार संतापलेत."

"कल्पना आहे मला."

"ज्याने हा ठराव केला त्याला लाज नाही, असं म्हणाले."

"असं म्हणाले?"

"आत्ताच. चौकात, भोंग्यावरून."

शेजारचा अधिकारी भडकला. असल्या भाषेपुढे परिषदेने मुळीच नमू नये, असं त्याचं मत पडलं. आपल्याच अपमानाचा आपण किती राग धरावा, हे कुर्तादांना उमगेना. त्यांनी आधी पैशांची अडचण सांगितली, मग डोंगरातला रस्ता किती वाईट आहे ते सांगितलं. लाकाझबाई फक्त एवढंच म्हणाल्या, की हिवाळ्यात सात वर्षांची मुलं त्याच रस्त्याने चालत जातील. ती मुलं कुर्तादांच्या ओळखीची होती.

"बस चालू राहील," ते म्हणाले. अधिकाऱ्याचा चेहरा पडला.

आता ही बातमी आपणच द्यायची, म्हणून ते मागच्या जिन्याने धावत उतरले, पट्टा चढवला आणि इमारतीला वळसा घालून धापा टाकत पुढे आले. तोवर लाकाझबाई समोरच्या पायऱ्यांवरून सांगून मोकळ्या झाल्या होत्या. लोक त्यांचा जयजयकार करत होते.

"साहेब, ऐन वेळी होतात कुठं तुम्ही?" बेकरीवाल्याने विचारलं.

"आतच होतो की."

"होते ना," लाकाझबाई म्हणाल्या. "अगदी माझ्या समोर बसले होते. फार विरोध केला हो त्यांनी, पण शेवटी ऐकलं."

लोकांनी बाईंसाठी पुन्हा टाळ्या वाजवल्या. कुर्तादांनीही वाजवल्या.