द्वारकाबाईंचं बिनरंगी गोंदण

द्वारकाबाई आधी नवऱ्याच्या हातात तांदूळ भरलेलं सूप द्यायच्या आणि मगच त्याच्या बायकोला सुया टोचायच्या. नवरा ओट्यावर बसून तांदूळ निवडत नसेल तर सुई लागू पडत नाही, असं त्यांचं ठाम म्हणणं. का लागू पडत नाही म्हणून विचारलं की उत्तर एकच, "सुईले सारं समजते."

मी तेव्हा आरमोरीच्या शाळेत मास्तर होतो. आमची दोन घरं लागून, ओटा सामाईक. ओट्याकडची भिंत कुडाची, म्हणजे बांबूच्या ताट्याला शेणमाती लिंपलेली. आत कोणी शिंकलं तर बाहेरचा माणूस 'सत्य आहे' म्हणायचा.

बाई सासरहून परत येऊन वडिलांच्या घरात एकट्याच राहायच्या. अंगानं चांगल्याच भरलेल्या, दारातून निघताना जरा आडवं व्हावं लागे. आणि उपचार कशावर, तर बायकांचं अंग सुटण्यावर! "आधी स्वतःला टोचून घ्या ना," असं मी एकदा म्हणालो. त्या चिडल्या नाहीत. "न्हावी आपले केस आपणच कापते काय, मास्तर?"

ही विद्या मार्कंड्याच्या जत्रेतली. तिथं एका गोंड गोंदणारणीनं त्यांच्या दुखऱ्या गुडघ्यावर गोंदून दिलं आणि गुडघा दुखायचा थांबला. बाई विचारात पडल्या, गुण सुईचा की काजळीचा? त्यांनी कौल सुईला दिला आणि काजळी वगळली. नुसत्या सुया, मडक्यात उकळलेल्या, पोटावर आणि पोटरीवर हलक्या हातानं टोचायच्या. येणाऱ्या बायकांची मात्र कुरकुर असे. एवढं सोसायचं आणि अंगावर काही निशाण नाही! "टोचूनच राह्यल्या तं एक तुळशीचं पान तरी काढून द्या नं, बाई," असं एकीनं म्हटलं. दुसरीला विंचू हवा होता.

त्या दुखण्याला तेव्हा आमच्याकडे नाव नव्हतं. लग्न झालेल्या पोरीचं अंग सुटायचं, हनुवटीवर लव यायची, पाळी महिनोन्महिने रुसून बसायची आणि कूस उजवायची नाही. सासरचे 'खाऊन सुजली' म्हणून मोकळे होत. तेव्हा दुसरी बायको करायला कोणी अडवतही नसे. बाई अशा पोरींना भात निम्मा करून अंबाडीची भाजी खायला सांगत. भाताच्या मुलखात हे सांगणं म्हणजे धर्म बुडवण्यासारखंच होतं, पण बाईंना कोण बोलणार!

नदीपलीकडच्या गावची कौसल्या अशीच आली. सोबत नवरा दामोदर. धान घरात आलं की दुसरी आणायची, असं सासूनं ठरवून टाकलं होतं, पोरगीही पाहून ठेवली होती. कौसल्याजवळ तेवढाच हंगाम होता.

दर बाजाराच्या दिवशी दोघं पायी यायची. कौसल्या आत जायची आणि दामोदर सूप घेऊन ओट्यावर, भर रस्त्यासमोर.

"काऊन गा दामोदर, कामाले लागला काय बाईकडं?" गावचे लोक जाता जाता विचारत. बिचारा खांद्यावरचा दुपट्टा तोंडावर ओढून घ्यायचा.

"मास्तर, तुमीच सांगा, माह्या खडे निवडण्यानं तिची चरबी कशी जाईन?"

"सुईले समजते," मी म्हणालो. शेजारधर्म म्हणून.

आतून बाईंचा आवाज यायचा. सुया लावून झाल्या की त्या पोरीला स्वस्थ पडायला सांगायच्या आणि बोलत बसायच्या. एरवी हळू बोलणारी ही बाई तेव्हाच एवढी खणखणीत का बोलते, याचं मला नवल वाटे.

"जेवतेस का पोटभर?"

"सगळ्याइच्या पुढं खावाची लाज वाटते, बाई."

"रडतेस?"

"नदीवर. भांडे घासतांनी."

"दामोदरले सांगितलं?"

"त्यायले काय सांगू? त्यायनं पोरगी पाहून ठेवली."

"मी नाई पाहिली," दामोदर मला हलक्या आवाजात म्हणाला, "मायनं पाहिली." मी काही विचारलं नव्हतं. त्यानं दुपट्टा तोंडावरून काढला आणि भिंतीकडे सरकून बसला. त्याचा हात काही तांदळाकडे गेला नाही.

पुढच्या बाजाराला सासूच तणतणत आली. सुनेला न्हाऊ घालताना तिनं सगळं अंग तपासलं होतं. "पोटावर एक ठिपका नाई! टोचलं तरी कुठी?"

बाईंनी तिला प्रेमानं बसवलं, पाय दुखतात का विचारलं आणि दोन सुया तिच्याच पोटरीत लावल्या. म्हातारी जी घोरायला लागली ती बाजार उठेपर्यंत. जागी झाल्यावर तिनं निशाणाचं नाव काढलं नाही. "आनखी एक डाव लावून द्या," एवढंच म्हणाली.

धान घरात आलं. कौसल्याचं अंग थोडं उतरलं होतं. पाळी आली, रुसली, परत आली. मुलाचा मात्र पत्ता नव्हता. ठरल्याप्रमाणे त्या दुसऱ्या पोरीचा बाप बोलणी करायला आला, तेव्हा दामोदरनं त्याला पाणी दिलं आणि सांगितलं, "मले बायको हाये." म्हातारी खूप रडली, ओरडली. तो हलला नाही. हे त्यानंच कौसल्याबरोबर येऊन आम्हाला सांगितलं आणि सवयीनं सूप मागून घेतलं. मला फार बरं वाटलं.

दोघं गेल्यावर मी विचारलं, "खरं सांगा बाई, गुण सुईचा की सुपाचा?"

मला वाटलं, त्या ठेवणीतलं उत्तर देतील. त्यांनी सूप मांडीवर ओढलं. दामोदरनं नेहमीसारखे अर्धे खडे तसेच ठेवले होते. ते वेचता वेचता त्या म्हणाल्या,

"मलेबी हेच दुखणं होतं, मास्तर. लय दवा केल्या. जिथी तिथी मलेच नेलं. आतमंधी मी कितीदा तरी बोलली. पण माह्या नवऱ्याले ओट्यावर कोणी बसवलंच नाई."