सुलटी बाजू आत

सुरतेत, डिंडोलीतल्या आमच्या सोसायटीच्या मागे झाडीचा एक तुकडा आहे आणि त्यात अतिदुर्मिळ फुलपाखरू राहतं, ही बाब मासिक बैठकीत 'पार्किंग' या विषयाखाली चर्चेला आली. त्या जागेवर पार्किंग करायचं जवळजवळ ठरलंच होतं आणि फुलपाखराने आपली हरकत वेळेत नोंदवली नव्हती. ती मी नोंदवली. मी योगिता, दहावीत आहे, आणि बैठकीत उभं राहून बोलता येतं हे अलीकडेच माझ्या लक्षात आलंय. इतरांच्या जरा जास्तच.

"पंख मिटले की ते हुबेहूब वाळलं पान दिसतं," मी सांगितलं. "देठ, मधली शीर, बुरशीचे ठिपकेसुद्धा. उघडले की आत गर्द निळा रंग आणि नारिंगी पट्टा. फुलांकडे ढुंकून बघत नाही. सडलेली जांभळं खातं, खोडातून पाझरणारा रस पितं. त्याच्या अळ्यांना नाल्याकाठचं तालीमखान्याचं काटेरी झुडूपच लागतं. झाडी गेली की ते संपलं."

अध्यक्ष गजेंद्रकाकांची उभी हयात साडीच्या मिलमध्ये चेकिंगच्या टेबलावर गेलेली. माझ्या फोनमधला फोटो त्यांनी कापड धरावं तसा उजेडात तिरपा धरला.

"डाग आहेत. सेकंडचा माल."

"काका, ते डागच त्याला वाचवतात. पक्ष्यांना वाटतं, पान आहे."

"आणि सुलटी बाजू आत? अगं, घडी घालताना सुलटी बाजू बाहेर ठेवतात. गिऱ्हाईक काय घडीत शिरून बघणार आहे?"

सभेने या तांत्रिक त्रुटीची गंभीर दखल घेतली.

तरीही कुणीतरी म्हणालं की दुर्मिळ जिवाच्या जागेला सरकारी प्रमाणपत्र मिळतं आणि मग तिला कुणी हात लावत नाही. म्हणून महापालिकेच्या साहेबांना बोलावलं. साहेब जांभळाखाली खुर्चीवर बसले, चहा झाला. पाखरू समोरच्या खोडावर डोकं खाली करून बसलेलं.

"क्यां छे?"

"तुमच्या नाकासमोर, साहेब."

"आ तो सुकुं पांदडुं छे!"

"तेच ते!"

साहेबांनी चष्मा पुसला. "वाळलेलं पान अजून झाडावरच? म्हणजे देखभाल शून्य." तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. ते खाली बघत असतानाच पाखराने पंख उघडले आणि निळी ठिणगी उडावी तसं ते गेलं. मी किंचाळले. साहेब म्हणाले, "बेटा, फोन चालू आहे."

त्यांचा निष्कर्ष असा: वाळली पानं हा सुका कचरा. सडलेली जांभळं हा ओला कचरा. ओला आणि सुका कचरा एकत्र आढळणं नियमाविरुद्ध आहे. सबब, अधिवास आधी स्वच्छ करावा, मग त्याच्या संरक्षणाचा विचार होईल.

स्वच्छतेत सुरतेचा हात कोण धरणार! जांभळं झाडून नेली. रस पाझरणाऱ्या खोडांच्या भेगांत सिमेंट भरलं, वरून गेरू-चुना. नाल्यावर फरशा टाकल्या आणि तालीमखाना 'काटेरी गवत' म्हणून उपटला. त्या जागी झेंडूच्या कुंड्या आल्या.

"ते फुलांवर बसत नाही, काका."

"मग त्याला फुलपाखरू कशाला म्हणतात?" काकांनी विचारलं. टाळ्या पडल्या.

एवढं करूनही फुलपाखरू दिसेना, तेव्हा काकांनी तोडगा काढला. आमच्या गल्लीत घरोघरी साडीला खडे चिकटवायचं काम चालतं. सगळ्या बायकांना पॉलिस्टरच्या कापडाची फुलपाखरं करायला दिली. निळी, नारिंगी पट्ट्याची, खडे लावलेली. सुलटी बाजू बाहेर.

"काय तोंड पाडी बशनी?" माय गोंद लावत म्हणाली. "तुनं पाखरू उडी जास. हाई कोठेच जात नही."

"माय, ते जिवंत आहे!"

"म्हनीसनच तं उडी जास."

उपटलेल्या तालीमखान्यात मला एका काडीला लोंबणारा कोष सापडला. शेवटचा. ती काडी मी बागेच्या फाटकाला बांधली आणि काकांना हाताला धरून नेऊन दाखवली.

"याला हात लावायचा नाही. यातून पाखरू निघालं तरच काही उरेल."

"नाही लावणार, पोरी. गजेंद्रकाकाचा शब्द आहे."

उद्घाटनाच्या सकाळी बाग आरशासारखी लख्ख होती. जांभळावर पॉलिस्टर चमचम करत होतं. फाटकाला तेवढं एक वाळलं पान चिकटून राहिलं होतं, ते काकांनी चिमटीत धरून कचरागाडीत टाकलं आणि हात धुतले. मी आणि माय ओवाळायचं ताट घेऊन उभ्या होतो. साहेबांनी फीत कापली, झाडाकडे पाहून "अद्‌भुत!" म्हणाले आणि प्रमाणपत्र दिलं. शिवाय अधिवास बघायला येणाऱ्यांच्या सोयीसाठी अर्ध्या अधिवासात पार्किंगही मंजूर केलं. सगळ्यांनी फोटो काढले. आमच्या शाळेच्या ग्रुपवर त्यावर हृदयांचा पाऊस पडला.

गर्दी ओसरल्यावर मी फाटकाकडे धावले. काकांनी शब्द पाळला होता. कोषाला कुणीही हात लावलेला नव्हता. तो फक्त रिकामा होता.

कोषातून निघालेलं पाखरू पंख वाळेपर्यंत उडू शकत नाही. तिथेच जवळपास, पंख मिटून, गप्प बसतं. मिटलेले पंख कसे दिसतात ते मी अगदी सुरुवातीलाच सांगितलंय. काकांना तुम्ही हसलात, साहेबांना तर पोटभर हसलात. मग फाटकावरचं ते पान कचरागाडीत गेलं, तेव्हा तुम्ही काय करत होतात?

पुढची ओळ वाचत होतात.