दुपारची करवत

ललिताकाकूंची आणि माझी पहिली भेट विरजणामुळे झाली. कर्वेनगरच्या या सोसायटीत आम्ही नुकतेच राहायला आलो होतो. वाटी घेऊन मी तळमजल्यावरची बेल वाजवली. दार उघडलं सत्तरीच्या एका बाईंनी. डोळ्यांवर जाड गॉगल, कानांवर मोठाली झाकणं, भुवयांवर लाकडाचा भुसा.

"नवीन का? हात दाखव बघू."

मी घाबरून दोन्ही पंजे पुढे केले.

"बोटं सगळी आहेत. ये आत. कशाला हात लावू नकोस, म्हणजे जातानाही सगळी असतील."

त्या दिवशी विरजण तर राहिलंच, वाटीही तिथेच राहिली.

मागच्या अंगणात, पत्र्याच्या शेडखाली, त्यांची टेबल सॉ होती. लोखंडी टेबल आणि त्याच्या मधोमध वर आलेलं पोळीएवढं गोल दातेरी पातं. काकू फर्निचर करतात असं समजून मी एक पाट सांगून टाकला.

"होईल की," काकू म्हणाल्या. "आधी जिग, मग काम."

"जिग म्हणजे?"

"पोळपाट सरकू नये म्हणून खाली ओला फडका घालतेस ना? तो जिग. लाकूड आणि हात, दोन्ही जागेवर ठेवायचे."

याला आता काही वर्षं झाली. पाट अजून व्हायचा आहे. जिग मात्र शेडच्या भिंतींवर छतापर्यंत टांगलेले आहेत. लाकूड तिरकं कापायचा वेगळा, बारीक पट्ट्या पाडायचा वेगळा, आणि एक, देवाशपथ सांगते, जिग करायचा जिग. या बाईंनी करवतीचं सामान सोडून लाकडाची एकही वस्तू केलेली नाही हे कळल्यावर मला धक्काच बसला. पण बोलायला तोंड नव्हतं. माझ्याकडे शिलाई मशीन आहे आणि त्यावर मी आजवर फक्त त्याचं कव्हर शिवलं आहे.

दया यायची ती काकांची. ते शेडमध्ये खुर्चीवर गप्प बसलेले असत. मे महिन्यातही अंगात स्वेटर आणि दोन्ही हात स्वेटरच्या खिशात. जरा उठू लागले की काकू कडाडायच्या, "अहो, बसा! कुणी बोलावलंय?"

"बिचारे," आमचे हे म्हणायचे. "मशीनपुढे नवऱ्याला किंमत नाही." आणि माझ्याकडे अशा नजरेने बघायचे, जशी काही मीच करवत घेऊन हिंडते.

सकाळ-संध्याकाळच्या आवाजाची सोसायटीला सवय झाली होती. पण काकू दुपारीही करवत लावायच्या. भर दुपारी, पुण्यात! चोरी करणाऱ्याला इथे एकवेळ चहा मिळेल, झोपमोड करणाऱ्याला पाणीसुद्धा नाही. दुसऱ्या मजल्यावरचे साठे विनंती करायला गेले, तर काकू म्हणाल्या, "दुपारीच चालणार. झोप लागत नसेल तर दिवसभरात थोडं काम करत जा."

साठे तडक कमिटीकडे गेले. ठराव झाला की दुपारी करवत बंद, नाहीतर मशीन सोसायटीबाहेर. तो कळवायची कामगिरी सेक्रेटरीची, म्हणजे माझी. सेक्रेटरी निवडायच्या मीटिंगला गैरहजर होते, म्हणून हे पद मला मिळालेलं.

मी मुद्दाम दुपारीच गेले, म्हणजे गुन्हा चालू असतानाच बोलता येईल. करवतीच्या आवाजात बेल ऐकू जाईना. बाजूच्या बोळातून मागे गेले आणि जागीच थिजले.

करवतीसमोर काका उभे होते.

त्यांचे हात मी पहिल्यांदाच खिशाबाहेर बघत होते. वाऱ्यात वाळत घातलेला रुमाल हलावा तसे ते थरथरत होते. आणि समोर ते पातं! माझ्या तोंडून किंकाळी निघणार, तोच काकूंनी माझं कोपर पकडलं. "ओरडलीस तर खबरदार."

काकांपुढे एक सरकती फळी होती. तिच्या खालची पट्टी टेबलाच्या खाचेत बसलेली, त्यामुळे ती सरळच जाणार. लाकूड तिच्यावर आवळलेलं, पात्यावर लाकडी पेटीचं झाकण, आणि पात्यापासून लांब दोन जाड मुठी. काकांनी मुठी धरल्या आणि पुढे ढकलल्या. हात थरथरत होते, फळी नाही. लाकूड सरळ दोन तुकडे होऊन बाजूला झालं.

माझं कोपर सोडून काकू पुन्हा त्यांच्याकडे पाठ करून मेथी निवडायला लागल्या होत्या. एका हाताने. दुसरा हात भिंतीवरच्या मेन स्विचवर होता.

काकांनी मशीन थांबवलं आणि कापलेल्या कडेवरून अंगठा फिरवला. "केसभरही फरक नाही."

"मग काय, उपकार केलेत?" मागे न वळताच काकू म्हणाल्या.

काकांचं लक्ष जायच्या आत मला स्वयंपाकघरात नेऊन त्या हळू आवाजात बोलल्या. "कंपवात. मशीन त्यांचं आहे. रिटायर झाल्यावर हौसेने घेतलं आणि वर्षभरात हे सुरू झालं. डॉक्टर म्हणाले, विकून टाका. मी डॉक्टर बदलला."

"आणि एवढे सगळे जिग?"

"हात काय एकसारखा थरथरतो? सहा महिन्यांपूर्वीची मूठ आता चालत नाही. मग नवा करायचा."

"पण काकू, दुपारीच का?"

"दुपारची गोळी लागू पडली की हात त्यातल्या त्यात बरा असतो. तासभर. संध्याकाळी तेवढाही नसतो."

"मग सोसायटीत सांगूया ना. कुणी काही बोलणार नाही."

"मुळीच नाही. त्यांना वाटतं, कुणाला कळलेलं नाही. तसंच वाटू दे." मग नेहमीच्या आवाजात, "तू कशाला आली होतीस?"

"सहजच," मी म्हणाले.

वर येऊन मी कमिटीला सांगितलं की काकूंना मीच कपाट करायला दिलंय, मोठं आहे, वेळ लागेल, आणि ते होईपर्यंत करवत दुपारीही चालणार. साठे तेव्हापासून माझ्याशी बोलत नाहीत. "एवढं कसलं कपाट हवंय तुला?" असं विचारून विचारून हेही थकले.

आता रोज दुपारी जेवणं झाली की सगळे आडवे होतात. खाली करवत सुरू होते. शेजारच्या गॅलरीतून कुणीतरी माझ्या नावाने बोटं मोडतं. मी डोळे मिटून तो आवाज ऐकत राहते. मध्ये कुठे न अडखळता लाकूड पार झालं, की मग मला झोप लागते.