साहेबांच्या गळ्यातला पट्टा

बोईसरपासून तारापूरपर्यंत माझ्या तोडीचा गुप्तहेर नाही. या भागात दुसरा गुप्तहेरच नाही, हे त्यामागचं खरं कारण असल्याचं माझी बायको वैभवी सांगते; पण थोरांची हेटाळणी घरापासूनच सुरू होते. नजर घारीची, नाक शिकारी कुत्र्याचं आणि बुद्धी... बुद्धीसाठी योग्य प्राणी अजून सापडलेला नाही. मी दिग्विजय साळुंखे. नावातच दाही दिशा जिंकून झाल्यामुळे प्रत्यक्षात जिंकायची मला घाई नसते.

पोटासाठी मी औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात जातो. तिथे दप्तरांचे, बॅगांचे आणि ट्रकवरचा माल आवळायचे पट्टे तयार होतात, बकलांसकट. माझ्याकडे तपासणी आहे. नमुना उचलायचा, यंत्राच्या दोन जबड्यांत धरायचा आणि तुटेपर्यंत किंवा उघडेपर्यंत ओढायचा. ओढायचा, बघायचा, फेकायचा. तरुणपणापासून मी हेच करत आलो आहे. अशा रटाळ कामात माझी प्रतिभा कुजू नये म्हणून उरलेल्या वेळात मी गुन्हे शोधतो. जिन्यातून गायब झालेल्या चपलेचं प्रकरण मीच उलगडलं (ती माझ्याच पायात होती). गच्चीवरच्या टाकीतल्या गूढ आवाजाचाही छडा मीच लावला (पाणी येत होतं). असो. माझ्या नोकरीचा तपशील तुम्ही लक्षात ठेवा. मी ठेवला नाही, त्याचीच ही हकीकत.

साहेब म्हणजे आमचा बोका. कोळगावला जिल्हा मुख्यालयात एका दाखल्यासाठी गेलो होतो. फोटो घरी विसरल्यामुळे दाखला राहिला. परत येऊन बघतो तर माझ्या स्कूटरच्या सीटवर एक करड्या रंगाचं पिल्लू बसलेलं. उठवलं, उठेना. हॉर्न वाजवला, त्याने जांभई दिली. "हे कुठले तरी साहेब दिसतात," वैभवी म्हणाली, आणि नाव पडलं. आमची दीपा पुण्याला नोकरीला गेल्यापासून घरात वैभवीचं बोलणं ऐकून घेणारे एवढे साहेबच उरले आहेत. तसं मीही ऐकतो. पण तिचं म्हणणं, साहेब निदान कान तरी हलवतात.

साहेब जेवायला आणि झोपायला घरी असतात. बाकी दौरा. दौऱ्यातला पहिला मुक्काम सोसायटीचे सेक्रेटरी केदार राऊत यांच्या नव्या पांढऱ्या गाडीच्या टपावर. टपावर पावलं उमटली, पावलांवरून वाद उमटला, आणि सोसायटीच्या सभेत केदारने जाहीर केलं, की रविवारी सकाळी पिंजरा घेऊन माणसं येतील. गळ्यात पट्टा असेल ते मांजर पाळीव, नसेल ते बेवारशी. बेवारशी मांजरं उचलून लांब नेऊन सोडणार. आणि हे एका रविवारपुरतं नाही, अधूनमधून चालूच राहणार.

"आणि आमचे साहेब?" वैभवीने विचारलं.

"वहिनी, नियम सगळ्यांना सारखा. पट्टा घाला, विषय संपला."

त्या संध्याकाळी दीपाचा फोन आला तेव्हा वैभवीने साहेबांचं नावसुद्धा काढलं नाही. एरवी अर्धा फोन त्यांच्यावरच जातो. तेव्हा प्रकरणाचं गांभीर्य माझ्या ध्यानात आलं.

वैभवीने बोईसरच्या बाजारातून घुंगरू लावलेले रंगीत पट्टे आणले. ते चढवण्याची मोहीम अर्थातच मी हाती घेतली. डोक्यावर स्कूटरचं हेल्मेट, हातात टॉवेल, मनात व्यूहरचना. थोड्याच वेळात टॉवेलात मी होतो आणि साहेब हेल्मेटवर होते.

"झालं का तुमचं?" वैभवी म्हणाली. तिने ताटलीत सुक्या बोंबलाचा तुकडा टाकला. साहेबांनी मान खाली घातली, तिने लाल पट्टा मानेभोवती घेतला, टक्. मग पट्ट्याखाली दोन बोटं सरकवून बघितली. "दोन बोटं गेली पाहिजेत. घट्ट नको, सैलही नको."

साहेबांनी मान हलवली. घुंगरू वाजला. ते दचकून मागे बघायला वळले, घुंगरूही वळला. मग ते उलट्या पावलांनी चालत सोफ्याखाली गेले आणि तिथे असे आडवे झाले, की बघणाऱ्याला वाटावं आता चौकशी आयोगच नेमावा लागणार. तासाभराने खिडकीतून पसार. सांजेला परत आले तेव्हा गळा मोकळा.

दुसऱ्या दिवशी निळा पट्टा. गेला. तिसऱ्या दिवशी हिरवा. तोही गेला.

"वैभवी," मी खिडकीबाहेर बघत म्हणालो, "ही चोरी आहे. चोर माणूस आहे. त्याला अंगठा आहे."

"मलापण आहे."

"तुला हेतू नाही. हेतू एकाच माणसाला आहे. साहेब बेवारशी ठरण्यात कुणाचा फायदा? ज्याच्याकडे पांढरी गाडी आहे त्याचा."

मी केदारला पार्किंगमध्ये गाठलं. "काल दुपारी तुम्ही कुठे होतात?"

केदार काहीच बोलला नाही. मी एक पाऊल पुढे टाकलं. "गप्प बसण्याचा अर्थ मला चांगला कळतो, राऊत."

त्याने गालावरचा रुमाल काढला. गाल उशीएवढा झाला होता. "पालघरला," तो तोंडाच्या एका कोपऱ्यातून म्हणाला. "दाढ काढायला. तुम्हीच सोडलंत ना स्टेशनला, स्कूटरवरून?"

सोडलं होतं खरं. साक्षीदार म्हणून मी स्वतःच पुढे आल्यामुळे ती बाजू बंद झाली. पट्टे पळवून बाजारात विकणारी टोळी, हा माझा दुसरा सिद्धान्त. तो वैभवीने "मांजराचे वापरलेले पट्टे?" एवढं विचारून संपवला. मग तिसरा: साहेबांना दुसरं घर आहे. तिथे दुसरी कुणीतरी बाई त्यांना दुसऱ्याच नावाने हाक मारते आणि आमची खूण गळ्यातून उतरवून ठेवते. हे ऐकून वैभवीचा चेहरा उतरला. तिने लगेच पिवळा पट्टा साहेबांना चढवला आणि मला म्हणाली, "जा, बघून या. असलं काही असलं तर मला सांगू नका. नाही, सांगाच."

पाळत ठेवताना माणूस ओळखू येता कामा नये, म्हणून मी काळा रेनकोट घातला. ऊन रखरखीत होतं. सोसायटीच्या मागे खाडीकडची ओसाड जमीन आहे; साहेब पुढे, मी मागे. साहेब अधूनमधून थांबून माझ्याकडे बघत. मी दर वेळी झुडूप असल्याचं भासवत होतो. रेनकोटात घाम असा सुटला, की शेवटी पाऊस आतच पडला.

ओसाड जमीन संपली की मच्छीमारांची वाडी लागते. तिथे बांबूच्या उंच चौकटी उभ्या होत्या आणि त्यांच्या दोऱ्यांवर जबड्यात जबडा अडकवून जोडीजोडीने टांगलेले बोंबील वाळत होते. भोवती जुन्या जाळ्यांचं कुंपण. साहेब कुंपणामागे दिसेनासे झाले, आणि तेवढ्यात माझ्या कानावर तो आवाज आला. घुंगरू! एक नाही, अनेक. मी मान वर केली. एका दोरीला, बोंबलांच्या रांगेत, लाल, निळा आणि हिरवा असे तीन पट्टे वाऱ्यावर डुलत होते.

"सापडलीस!" मी त्या दुसऱ्या बाईला उद्देशून ओरडलो.

"कोण रे तो?" चौकटीमागून एक बाई आल्या, हातात बोंबलांची पाटी. त्या साखरबाई, आमच्या सोसायटीत मासळी घेऊन येतात. "रेनकोट घालून बोंबील चोराला आलाय काय?"

"मी गुप्तहेर आहे."

"असशील बाबा. पन दुसऱ्या मजल्यावरचा साळुंखे ना तू? वैभवीचा नवरा?"

माझ्या वेशांतराबद्दल आणखी चर्चा नको म्हणून मी बोट वर केलं. "हे पट्टे तुम्ही आमच्या बोक्याच्या गळ्यातून काढलेत!"

"मी? तो येतो का मला हात लावून द्याला? बोंबील खातो नि मिशा पुसत जातो." त्यांनी कुंपणाकडे हात केला. "तो बघ, घुसला."

साहेब जाळ्याखालून आत शिरत होते. डोकं आत गेलं, खांदे गेले. पिवळा पट्टा जाळ्यात अडकला. साहेबांनी मागे न बघता नुसता हिसका दिला. टक्. साहेब आत, पट्टा जाळ्यात.

"असाच गावतो रोज," साखरबाई म्हणाल्या. "आमी काढतो नि दोरीला लावतो. वारा आला का वाजतो, कावळे बसत नाय. पायजे तर घेऊन जा तुमचे. पन घुंगरू ठेव हां. लय कामाचे हायत. आन् वैभवीला सांग, बोका पोटभर खातो, काळजी करू नको."

दुसरी बाई नव्हती, हा केवढा दिलासा. मी पट्टे गोळा केले, घुंगरू काढून त्यांना दिले आणि परतीच्या वाटेवर माझ्या बुद्धीने झेप घेतली. एका हिसक्यात निसटतो म्हणजे काय? म्हणजे माल कच्चा! बकल निकृष्ट! आणि या जिल्ह्यात पट्ट्यांची पारख असलेला माणूस कोण? मी दुसऱ्या दिवशी कारखान्यातून ट्रकच्या पट्ट्याचा एक अरुंद नमुना मागून आणला. लोखंडी बकल. जितका ओढाल तितका घट्ट आवळतो, हीच त्याची ख्याती.

"हा बघ," मी घरात शिरतानाच म्हणालो. "साहेबच काय, साहेबांसकट केदारची गाडी टांगली तरी सुटणार नाही."

"सुटणारच नाही?" वैभवीने विचारलं.

"प्रात्यक्षिक दाखवतो." मी पट्टा माझ्या मनगटाभोवती आणि खिडकीच्या गजाभोवती घेतला, बकलात ओवला आणि सगळा जोर लावून ओढला. पट्टा आवळला. मी उलट ओढलं. आणखी आवळला. हाताची बोटं आधी लाल झाली, मग जांभळी. "बघ," मी म्हणालो. "सुटत नाही."

"अहो, मग सोडवा आता."

"तेच सांगतोय. सुटत नाही."

वैभवी माझ्या बोटांकडे बघत राहिली. तिचा चेहरा पांढरा पडला होता. "तुमचं मनगट आहे म्हणून ठीक आहे," ती हळू म्हणाली. "त्याची मान असती तर? त्या जाळ्यात?"

साहेब खुर्चीवर बसून माझ्याकडे बघत होते.

तिने टेबलावरचा लाल पट्टा उचलला, दोन्ही हातांत धरला आणि ओढला. टक्. उघडला. परत लावला, परत ओढला. टक्. कुठेच तुटलेला नव्हता, की वाकलेला नव्हता.

"हा उघडण्यासाठीच केलाय," ती म्हणाली. "अडकला की निसटावा आणि मांजर वाचावं म्हणून. कच्चा नाहीये, शहाणा आहे. अहो, हा घरात आल्यापासून तुम्ही एकदा तरी ओढून बघितला होता का?"

"नाही."

"कारखान्यात दिवसभर काय करता?"

मी गजाकडे बघत म्हणालो, "ओढतो."

त्यानंतर तिने चहा ठेवला. उकळल्यावर विळी आणून पट्टा कापायला घेतला. तेवढ्यात वर्गणी मागायला आलेला केदार दारातूनच म्हणाला, "वहिनी, यांना कशाला बांधलं? पिंजरा मांजरांसाठी मागवलाय."

आता योजना वैभवीची होती. पट्टा पडला की परत घालायचा, एवढीच. घुंगरू गेल्यामुळे साहेबांनीही तक्रार करायचं सोडलं. बोंबील खाताना गळ्यात काय येतं याच्याशी त्यांना घेणंदेणं नव्हतं. घरात कोंडून ठेवायचा प्रयत्न आम्ही एकदा केला होता, पण त्यांनी असा टाहो फोडला, की शेजारचे विचारायला आले मला काय झालंय. म्हणून तिने जास्तीचे पट्टे वाटून ठेवले. एक खिडकीत, एक तिच्या पर्समध्ये, एक माझ्या पँटच्या खिशात. "ही पँट रविवारपर्यंत बदलू नका," एवढंच म्हणाली. त्या दोन दिवसांत कारखान्यात सगळे माझ्यापासून चार हात लांब राहू लागले. डबा खातानाही माझ्या बाकावर कुणी बसेना. माझ्या गुप्तहेरीचा दरारा तिथपर्यंत पोचला होता.

रविवारी साहेब भल्या सकाळीच दौऱ्यावर गेले, गळ्यात निळा पट्टा घालून. पिंजरेवाले आले. वैभवी मागच्या भिंतीशी उभी राहिली, मी पुढच्या फाटकाशी. पिंजऱ्यात मासळीचा तुकडा टांगलेला. आणि भिंतीवरून साहेब उतरले ते नेमके माझ्या बाजूला. गळा मोकळा.

"ये किसका बिल्ला है?" पिंजरेवाल्याने विचारलं.

"पट्टा नाही," केदार म्हणाला. आवाज बारीक होता. साहेब पिल्लू असल्यापासून तो त्यांना ओळखत होता. "साळुंखे, नियम मीच केलाय हो. काय करू?"

साहेब पिंजऱ्याकडे निघाले. मी हाक मारली. त्यांनी कान हलवला नाही. माझ्या हाकेला ते कधी आलेच नाहीत, तेव्हा आज का यावेत? वैभवी पलीकडून धावत येत होती, पण ती फार लांब होती. साहेबांचं नाक पिंजऱ्याच्या दाराशी पोचलं. मग ते थांबले. नाक वर झालं. ते वळले, सावकाश माझ्याकडे आले आणि माझ्या खिशात तोंड खुपसलं.

मी खाली वाकलो. खिशातून पट्टा काढला, त्यांच्या मानेभोवती घेतला. टक्. दोन बोटं घालून बघितली. बोटं बरोबर दोनच होती.

"आहे की पट्टा," केदार घाईघाईने म्हणाला. "पाळीव आहे. चला, पुढच्या विंगला चला."

वैभवी धापा टाकत पोचली आणि साहेबांना उचलून तिने गालाशी धरलं. माझ्याकडे बघितलं तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मी छाती थोडी पुढे काढली.

"कसं बघ," मी म्हणालो, "एरवी माझ्याकडे ढुंकूनही बघत नाहीत. पण वेळ आली की प्राण्यालासुद्धा माणसाचं व्यक्तिमत्त्व कळतं."

"हो," ती डोळे पुसत म्हणाली. "आता घरी जाऊन ती पँट धुवायला टाका. आणि त्याआधी खिशातला बोंबील काढा."